घेतली काय?

रंगराव मुळीक कुणालाच फारसं मोजत नसे, आणि माणसं सुधारायला निघालेल्यांना तर अजिबात नाही. इचलकरंजीतल्या मागांवर जॉबरकी करण्यात त्याची उभी हयात गेली होती. माग बिघडला की जॉबरला बोलावतात. माणूस बिघडला की कोण कोण न बोलावता येतात, ते त्यानं गेल्या काही वर्षांत पाहिलं होतं. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, चेहऱ्यावर हसू, “काका, कसं वाटतंय?” असा प्रश्न, आणि उत्तर यायच्या आत नजर पुढच्या पेशंटवर. त्यातले सगळ्यात ताजे म्हणजे ‘सोबत’वाले.

रंगरावला एचआयव्ही होता आणि तो दारू प्यायचा. दारू जुनी होती. आजार त्यानं भिवंडीहून आणला होता, तरुणपणी तिथल्या कारखान्यात एकटा राहत असताना. दारूची गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती, आजाराची कुणालाच नाही. बायको, शालन, त्याच आजारानं गेली. लोकांना सांगितलं, टीबीनं गेली. मुलीलाही तेच सांगितलं. ऋतुजा तेव्हा कॉलेजात होती. आई खाटेवर खोकत होती आणि बाप गुत्त्यावर होता, एवढं तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि तेवढ्यावरूनच बापाशी बोलणं टाकलं. पुढे लग्न होऊन ती मंगळवेढ्याला गेली. दिवाळीला एक फोन यायचा, तोही भांडणात संपायचा. खरं कारण कळलं तर तो भांडणाचा फोनही बंद होईल, ही एकच भीती रंगरावच्या मनात घर करून होती. बाकी जगाला तो भीत नसे, कारण बाकी जगाकडून त्याला काही नको होतं.

दर महिन्याला तो सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरवर एचआयव्हीच्या गोळ्या आणायला जाई. मोठ्या शहरांत तोवर इंजेक्शन आलं होतं, वर्षातून दोनदा टोचून घेतलं की सुटका. ते इकडे यायला अजून अवकाश होता. लोकांवर नजर ठेवायची यंत्रं मात्र इकडे लगेच येतात. ‘सोबत’ प्रकल्पाचा सारंग सर सेंटरच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला असे. पोरगा पुण्याचा, बूट पांढरेशुभ्र, आणि प्रत्येक वाक्यात ‘आपण’. आपण दारू कमी करूया, आपण गोळी चुकवायची नाही. जणू रात्री गटारीतून हाही उठून घरी जात होता.

सारंगचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हेच रंगरावला जास्त झोंबायचं. ही गोळी विषाणूला मारून टाकत नाही, त्याला वाढू देत नाही. ती रोज घेतली तर विषाणू रक्तात सापडेनासा होतो आणि माणूस चारचौघांसारखा म्हातारा होतो. चुकवत गेलं की विषाणू पुन्हा स्वतःच्या प्रती काढायला लागतो. घाईत काढलेल्या प्रतींमध्ये चुका होतात, आणि त्यातली एखादी चूक नेमकी अशी निघते की तिच्यापुढे त्या गोळीचं काही चालत नाही. मग ती गोळी त्या माणसाच्या कामातून गेली. दारू काही पोटात जाऊन गोळीचं पाणी करत नाही. ती यकृताची वाट लावते, आणि त्याआधी माणसाला गोळीचा विसर पाडते. रंगरावसारखे शहाणे तर मुद्दाम विसरतात. दारू आणि गोळी पोटात एकत्र आली की विष होतं, असं त्याला कुणीतरी गुत्त्यावर सांगितलं होतं. गुत्त्यावरच्या ज्ञानावर त्याचा डॉक्टरांपेक्षा जास्त भरवसा होता. म्हणून ज्या दिवशी प्यायची त्या दिवशी तो गोळीला हात लावत नसे, आणि आपण तब्येतीला किती जपतो याचं त्याला वर कौतुक वाटे.

‘सोबत’ म्हणजे फोनमधलं एक ॲप आणि कानात बसवायचं एक बटण. दारू रक्तात उतरली की मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू सैल पडतो. जीभ, ओठ आणि श्वास यांचा मेळ तोच राखत असतो. माणसाला स्वतःला चढल्याचं कळायच्या आत त्याचा ‘स’ लांबतो, दोन शब्दांमधली फट वाढते, पाऊल किंचित उशिरा पडतं. हे शेजारच्या माणसाला कळत नाही, फोनला कळतं. इथवरची विद्या जुनी होती. ‘सोबत’ त्याच्या पुढे गेलं होतं. माणूस प्याला हे ओळखता ओळखता तो कधी पिणार हेही ते शिकलं. झोप कशी लागली, मालक खेकसला का, पाय कुठल्या रस्त्याला वळले, चाल जड आहे की घाईची, या सगळ्याचा मेळ घालून ते माणूस दुकानात शिरायच्या आधीच त्याला फोन लावायचं. आलेला कुठलाही फोन बटणात आपोआप उचलला जायचा, कारण मागावरच्या माणसाचे हात तेलातच असतात. आणि एक बाई, पुण्याच्या सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी, विचारायची, “घेतलीत का?”

बस, एवढंच. त्यामागे एक समिती होती. पेशंटच्या शेजारी उभ्या असलेल्याला आजार कळू नये म्हणून यंत्रानं गोळी हा शब्द उच्चारायचा नाही आणि दारू हाही नाही, असं समितीनं ठरवलं होतं. समितीत डॉक्टर होते, वकील होते, नीतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मराठीत विचार करणारं कुणी असतं तर त्यानं सांगितलं असतं की आपल्याकडे गोळीही घेतात आणि दारूही घेतात. बाई सकाळी गोळीबद्दल विचारायची आणि संध्याकाळी दारूबद्दल, पण वाक्य तेच. गोळी गिळून कामाला निघालेल्या रंगरावला वाटायचं, ही सकाळी सकाळी दारूचं विचारतेय. तो फणकाऱ्यानं म्हणायचा, “न्हाई घेतली.” संध्याकाळी त्याला वाटायचं, आता गोळीचं विचारत असेल. मग तो म्हणायचा, “घेतली की.” यंत्रानं ते निष्ठेनं टिपून घेतलं. हा माणूस गोळी कधीच घेत नाही आणि दारू न चुकता घेतो, असं सेंटरच्या पडद्यावर उमटलं. दोन्ही अर्धवट खरं असल्यामुळे रंगरावला भांडताही येईना. समुपदेशक हेमलता मॅडमनी त्याला समोर बसवून खूप समजावलं. तो भिंतीकडे बघत बसला.

सारंग सरांनी यावर बराच विचार केला. प्रश्न भाषेचा नाहीच, नात्याचा आहे, असं त्यांचं मत पडलं. परक्या बाईला कोण खरं सांगेल? माणूस आपल्या माणसाचं ऐकतो. म्हणून ‘सोबत’चा पुढचा अवतार आला, तो पेशंटच्या घरातल्या माणसाच्या आवाजात बोलणारा. प्रश्न मात्र तोच ठेवला, फक्त घरच्या बोलीत, कारण समितीची मंजुरी त्याच प्रश्नाला होती.

रंगरावच्या फोनमध्ये जुने कॉल आपोआप साठलेले होते. त्यात ऋतुजाचे दिवाळीचे फोन होते, म्हणजे निव्वळ भांडणं. त्या भांडणांतून यंत्रानं तिचा आवाज उचलला, त्यातला राग काढून टाकला आणि माया भरली. ऋतुजाला कुणी विचारलं नाही. आवाज वडिलांच्या फोनमधला होता आणि वडिलांनी होकार दिला होता, एवढं त्यांना पुरलं. रंगरावनं होकार कशाला दिला हे त्यालाही माहीत नव्हतं. सारंग भराभर वाचत होता आणि हा “हो, हो” म्हणत होता, कारण बाहेर गोळ्यांची खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती.

त्या वाचण्यात एक गोष्ट होती. यंत्र माणसाच्या आवाजात बोलणार, तर ते यंत्र आहे हे ऐकणाऱ्याला कळायला हवं, असं समितीनं बजावलं होतं. तसं दर वेळी बोलून दाखवलं तर मायेचा सगळा परिणामच जातो. म्हणून मधला मार्ग निघाला. यंत्राच्या फोनच्या सुरुवातीला एक बारीक शिट्टी वाजायची, अगदी किनरी. काचेच्या थंडगार ऑफिसात बसलेल्या पोरापोरींना ती स्वच्छ ऐकू यायची. मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाचे कान पहिल्यांदा किनरे आवाजच सोडतात, आणि यादीतले निम्मे पेशंट मागावरचे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. रंगरावला शिट्टी कधी ऐकूच आली नाही. ती असते हेही तो विसरून गेला.

पहिल्यांदा संध्याकाळी कानात “आप्पा, घेतली काय?” असं आलं तेव्हा तो रस्त्यात थबकला. ऋतुजा त्याला आप्पा म्हणायची. पण या आवाजात आठ्या नव्हत्या. त्याला लगेच कळलं, आणि त्यानं त्या आवाजाला अशी काही शिवी दिली की पानटपरीवरची माणसं वळून बघायला लागली. यंत्र म्हणालं, “नका घेऊ आप्पा. माझ्यासाठी.” रंगराव थुंकला, दुकानात गेला आणि रोजच्यापेक्षा जास्त प्याला.

असं काही दिवस चाललं. तो तिला नकली म्हणायचा, भाड्याची म्हणायचा. सारंग सरांच्या बापाचा उद्धार करायचा. ती रागावत नसे. रागावणं तिच्यातून काढूनच टाकलं होतं. ती विचारायची, आज जेवला काय, मागावर काय झालं, गुडघा दुखतोय काय. हळूहळू तो उत्तरं द्यायला लागला. मालक कसा कवडीचुंबक आहे, नव्या विनाधोट्याच्या मागांचं कसं काही खरं नाही. बोलता बोलता दुकान मागे पडायचं आणि घर यायचं. घर आलं की ती म्हणायची, “झोपा आता,” आणि बंद व्हायची.

या यंत्रानं त्याला सुधारलं असं सारंग सरांना वाटत होतं. खरा प्रकार वेगळाच होता. सकाळचा फोन एका प्रश्नात संपायचा, आणि संध्याकाळी यंत्र फक्त तेव्हाच फोन लावायचं जेव्हा रंगराव पिणार असं त्याला वाटे. तो सरळ घरी गेला की संध्याकाळ मुकी जायची. हे गणित रंगरावच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. मग प्यायची इच्छा नसली तरी तो काम सुटल्यावर देशी दारूच्या दुकानाच्या रस्त्याला वळायचा, पाय मुद्दाम घाईनं टाकायचा, आणि वाट बघायचा. नाक्याच्या अलीकडे कान बोलायला लागला की हा गालात हसायचा. लेकीचा आवाज ऐकायला बापानं रोज गुत्त्याची वाट धरायची, अशी ही सोय झाली होती. त्याला स्वतःची किळस यायची. तरी दुसऱ्या दिवशी पाय तिकडेच वळायचे. पण दारू कमी झाली, हे खरं. न प्यायल्यामुळे गोळीही रोज पोटात जायला लागली आणि रक्तातला विषाणू खाली आला. हेमलता मॅडमनी टाळी वाजवली.

पडद्यावर रंगरावची रेघ इतकी सुंदर दिसायला लागली की सारंग सरांना राहवेना. कोल्हापुरातल्या एका हॉटेलात पाहुण्यांसमोर त्यांनी ती रेघ भिंतीएवढी मोठी करून दाखवली. पेशंटचं नाव अर्थातच झाकलेलं होतं. पाहुण्यांनी बाटलीबंद पाणी पीत दारूबद्दल चर्चा केली. त्याच भरात प्रकल्पानं सगळ्या यशस्वी पेशंटांच्या घरच्यांना अभिनंदनाचा संदेश पाठवून दिला. आजाराचा उल्लेख नव्हता, समिती होतीच. तुमच्या प्रिय व्यक्तीनं व्यसनावर मात केली आहे, तिला आता तुमच्या सोबतीची गरज आहे, असं काहीतरी. तो मंगळवेढ्याला ऋतुजाला मिळाला. ती नुकतीच बाळंत झाली होती. बापाला कळवलंही नव्हतं.

तिच्या नवऱ्याचा, ओंकारचा, रंगरावला फोन आला. जावयाचा हा पहिलाच फोन. मुलगी झाली, रविवारी बारसं आहे, दोन दिवसांची सुट्टी घ्या आणि या, ऋतुजानंच बोलवायला सांगितलंय, असं तो अवघडून बोलला. रंगराव “बघतो” एवढंच म्हणाला. फोन ठेवल्यावर मागावर त्याचा हात सापडता सापडता राहिला. जावं तर वाटत होतं. पण जाऊन त्या लेकराला मांडीवर घ्यायचं, लेकीच्या हातचं खायचं, आणि तिच्या आईबद्दलचं खोटं तसंच गिळून बसायचं, हे त्याला जमेल असं वाटेना. मालकाकडे सुट्टी मागायला तो दोनदा गेला आणि दोनदा तसाच परत आला.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो नेहमीसारखा दुकानाच्या रस्त्याला लागला. वळण यायच्या आधीच कानात आवाज आला.

“आप्पा, घेतली काय?”

“न्हाई अजून,” रंगराव म्हणाला. “दुकान लांब हाय. आज तुला लई घाई झालीया?”

पलीकडून, “म्हणजे?”

हा शब्द यंत्र कधी बोललं नव्हतं. नवीन काहीतरी घातलं असेल, सारंग सरांना दुसरा उद्योग काय. “म्हणजे काय म्हणजे,” तो म्हणाला. “तुझं सगळं ध्यान माझ्या पायाकडं. ठाऊक हाय मला.”

“आप्पा, मी ऋतुजा बोलतेय.”

“व्हय तर. रोजच बोलतीस.” त्याला हसू आलं. मग हसू गेलं. पोटात कालपासून जे साठलं होतं ते सांगायला जगात दुसरं कुणी नव्हतं. हिला सांगायला काय जातंय, ही कुठं खरी आहे. तो रस्त्याच्या कडेला, सुताला खळ लावायच्या एका बंद पडलेल्या सायझिंग कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

“पोरगीनं बारशाला बोलवलंय,” तो म्हणाला. “तूच सांग, कुठल्या तोंडानं जाऊ? तिला वाटतंय, तिची आई टीबीनं मेली. टीबी कसला. एचआयव्ही हुता तिला. माझ्यापासनं लागला. मी भिवंडीसनं घिऊन आलो आन् तिला दिला. मी अजून हाय, गोळ्या खाऊन जिवंत, आन् ती गेली. आता त्या लेकराला हातात घिऊ? हातानं लागत न्हाई, एका ताटात जेवूनबी लागत न्हाई, ते मला ठाऊक हाय. पण पोरीला कळलं तर ती माझ्या हातात देईल काय? सांग की. रोज गोड बोलतीस, आज सांग.”

यंत्र असतं तर एव्हाना काहीतरी मायेचं बोललं असतं. हे बोललं नाही. आणि मग त्या आवाजाच्या मागे, अगदी जवळ, एक तान्हं मूल रडायला लागलं.

यंत्राला लेकरू नव्हतं. ‘घेतली काय’ म्हणजे सुट्टी. जावई म्हणालाच होता, सुट्टी घ्या. तिनं बापाला सरळ घरगुती प्रश्न विचारला होता, किती वर्षांनी, आणि बापानं तो यंत्राचा समजला.

“आप्पा,” ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “तुम्ही हे कुणाला सांगताय?”

खोटं सुचेल अशी त्याची अवस्था नव्हती. “मशीनला,” तो म्हणाला.

“मशीनला सांगता आलं,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्या शब्दांत जी तुच्छता होती ती रंगरावच्या ओळखीची होती. आयुष्यभर त्यानं ती दुसऱ्यांसाठी वापरली होती. ती आपल्याला इतकी लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो किती वेळ भिंतीला टेकून होता कुणास ठाऊक. मग पाय आपोआप दुकानाकडे वळले, आणि या वेळी नाटक नव्हतं. यंत्रानं ते अचूक ओळखलं. काउंटरपाशी पोचता पोचता कानात तोच आवाज आला, धुऊन काढल्यासारखा स्वच्छ, मागे मूल नाही, राग नाही. “आप्पा, घेतली काय? नका घेऊ. माझ्यासाठी.”

त्याला वाटलं असतं तर तो तिच्याशी बोलत घरी जाऊ शकला असता. तिनं त्याला काहीच विचारलं नसतं. उद्या, परवा, मरेपर्यंत ती अशीच गोड राहिली असती. रंगरावनं कानातलं बटण काढलं, जमिनीवर टाकलं आणि चपलेनं चिरडलं. मग तो प्याला, भरपूर प्याला. हे इथे सांगायलाच हवं, कारण ‘सोबत’च्या अहवालात ते आलं नाही. बटण बंद असलेला दिवस ते लोक कोरडा धरत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात त्याचा फोन थरथरला. आता आवाज कानात आपोआप येणार नव्हता. हात पुसून फोन बाहेर काढून बघावं लागलं. पडद्यावर ऋतुजाचं नाव होतं. नाव यंत्राच्या फोनवरही यायचं का, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो मागच्या अंगणात, सुताच्या रिकाम्या पेट्यांपाशी गेला आणि फोन उचलला.

तिनं नमस्कार-चमत्कार केले नाहीत. काल तुम्ही म्हणालात की एका ताटात जेवून लागत नाही, तर हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे, एवढंच तिनं विचारलं.

रंगरावला प्रश्न कुठे चाललाय ते कळलं. तो पेटीवर बसला.

“आई मला तिच्या ताटातला घास देत नव्हती,” ऋतुजा म्हणाली. “मी सहावीत असल्यापासून. कुशीत घेत नव्हती. माझं अंथरूण वेगळं, माझा पेला वेगळा. एकदा मी तिच्या ताटात हात घातला तर तिनं मला फडाफडा मारलं आणि मग स्वतःच रडत बसली. मला वाटायचं, हिला मी नकोच आहे. सांगा आता. तिला कुणी सांगितलं होतं तसं वागायला?”

“मी,” रंगराव म्हणाला.

सेंटरवर पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळं सांगितलं होतं, की स्पर्शानं लागत नाही, उष्ट्यातून लागत नाही, लेकराला जवळ घ्या. शालनला त्यानं नेलंच नव्हतं, कुणी ओळखीचं बघेल म्हणून. आणि तो स्वतः सकाळीच लावून गेला होता. मॅडम बोलत होत्या आणि हा पेंगत होता. घरी येऊन त्यानं बायकोला आपल्या अकलेनं सांगितलं, पोरीला उष्टं देऊ नकोस, जवळ घेऊ नकोस, तिलाही लागेल. हे त्यानं ऋतुजाला एकेक करून सांगितलं, कुठेही न लपवता. पुढे कधीतरी सेंटरच्या भिंतीवरचं चित्र बघून त्याला आपली चूक कळली, हेही सांगितलं.

“तेव्हा आई होती?”

“हुती.”

“मग सांगितलं तिला?”

“न्हाई.”

“का?”

रंगरावनं खूप शोधलं, पण दुसरं उत्तर नव्हतं. “तवर तुमा दोघींना सवय झाली हुती,” तो म्हणाला.

त्याला वाटलं, आता ती काहीतरी असं बोलेल की आपल्याला परत माणसांत उठून जाता येणार नाही. ते ऐकायची त्यानं तयारी केली. सगळं ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही, असं मनाशी ठरवलं.

“ती गेली तेव्हा मी रडले नव्हते,” ऋतुजा म्हणाली. “बायका म्हणत होत्या, पोरगी दगड आहे. मीही तेच म्हणत होते.”

आणि मग तिला रडू फुटलं. ते यंत्राला जमलं नसतं, इतकं ते ओबडधोबड होतं. मध्येच श्वास अडकत होता, नाक चोंदत होतं. बाळ जागं होऊन किरकिरायला लागलं तरी ती थांबली नाही. आपल्या आईला ती इतक्या वर्षांनी, बाळंतपणाच्या खोलीत, रडत होती, आणि त्या आईला तिच्यापासून दूर ठेवणारा माणूस फोनच्या या टोकाला बसून ऐकत होता. समजूत काढायचा त्याला काही हक्क नव्हता. आतून मालकानं हाक मारली, माग अडला होता. रंगरावनं ओ दिली नाही. मालक दारात येऊन शिव्या देऊन गेला.

बऱ्याच वेळानं रंगरावनं हळूच विचारलं, “ठेवू काय?”

“ठेवायचा नाही,” ऋतुजा म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.